भांडणापूर्वीची वकिली

बऱ्हाणपूरच्या विणकरवस्तीतून सकाळी जाऊ लागले म्हणजे दोन्ही बाजूंच्या घरांतून यंत्रमागांचा खडखडाट कानी पडतो. व्यापाऱ्याकडून सूत येते, मागावर त्याचे कापड होते आणि मोजून-तोलून ते पुन्हा व्यापाऱ्याकडे जाते. विणकराच्या पदरी ठरलेली मजुरी पडते. या साऱ्या व्यवहाराचा कागद म्हणाल, तर एखादी लहानशी वही, नाही तर खिशातली चिठ्ठी. बाकी सारे तोंडी आणि विश्वासावर. विश्वास टिकतो तोवर त्या वहीचीही फारशी गरज पडत नाही. पण एखाद्या हंगामात बाजार बसतो, मजुरी थकते, कापडात खोट निघाल्याचे सांगून पैसे कापले जातात, आणि मग दोघांपैकी कोणी तरी वकिलाच्या दारी जातो. वकील पहिला प्रश्न विचारतो, "काही लिखापढी आहे का?" प्रश्न योग्यच असतो, मात्र तो फार उशिरा विचारला गेलेला असतो.

श्रोतेहो, हाच प्रश्न वेळेवर विचारणारी वकिली विद्यार्थ्यांना कशी शिकविता येईल, याविषयी आज थोडा विचार करावयाचा आहे. पाश्चात्त्य विधी महाविद्यालयांत या शिक्षणाच्या जागेला व्यवहार चिकित्सालय असे म्हणता येईल अशा अर्थाचे नाव आहे. नाव परके वाटले, तरी त्याची गरज आपल्या गावात किती निकडीची आहे, हे पुढील विवेचनावरून ध्यानात येईल.

आपल्याकडील कायद्याचे शिक्षण जुने आहे. मुंबईचे शासकीय विधी महाविद्यालय १८५५ साली सुरू झाले. पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीचे महाविद्यालय १९२४ सालचे. या विद्यालयांनी मोठमोठे न्यायाधीश आणि विधिज्ञ देशाला दिले, यात शंका नाही. परंतु तेथे आणि इतरत्रही शिकविण्याची मुख्य रीत एकच राहिली : कलमे वाचावयाची आणि त्यांवरील निवाडे अभ्यासावयाचे. आता निवाडा म्हणजे काय? जो व्यवहार मोडला, ज्यात दोन पक्षांचे वाकडे आले, जो खालच्या न्यायालयातून वरच्या न्यायालयापर्यंत गेला, त्याची ती अखेरची कहाणी. वैद्यकाच्या विद्यार्थ्याला केवळ शवविच्छेदन शिकवावे आणि जिवंत माणसाची नाडी कधी हाती धरू देऊ नये, तसा हा प्रकार होतो. जो करार बिनबोभाट पार पडला, ज्यातून दोन्ही पक्षांचे भले झाले, तो कोणत्याही निवाडासंग्रहात छापला जात नाही. आणि म्हणून विद्यार्थ्याच्या दृष्टीस तो कधी पडतच नाही.

वैद्यकाशी ही तुलना नवी नाही. १९३३ साली अमेरिकेतील जेरोम फ्रँक या विधिज्ञाने, कायद्याच्या शाळेलाही वैद्यकीय शाळेप्रमाणे चिकित्सालय का असू नये, असा प्रश्न एका लेखात उपस्थित केला. त्याचा रोख केवळ ग्रंथालयात बसून वकील घडविण्याच्या पद्धतीवर होता. तिकडे ही कल्पना रुजावयास तीन दशकांहून अधिक काळ जावा लागला. आपल्याकडे १९६९ साली दिल्ली विद्यापीठाच्या विधी विभागात विद्यार्थ्यांचे विधी सेवा केंद्र निघाले. त्यानंतर थोड्याच वर्षांत बनारस हिंदू विद्यापीठानेही तो मार्ग धरला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्या समितीने १९७३ साली कायदेविषयक साहाय्याचा विचार करताना विधी विद्यालयांकडेही लक्ष वेधले. पुढे १९८७ साली बंगलोरच्या राष्ट्रीय विधी विद्यालयाची स्थापना झाली. त्याचे पहिले संचालक माधव मेनन यांनी प्रत्यक्ष कामातून शिक्षण हे तत्त्व आग्रहाने मांडले. १९९७ साली बार कौन्सिल ऑफ इंडियाने चार प्रात्यक्षिक विषय साऱ्या विधी महाविद्यालयांवर बंधनकारक केले.

या प्रयत्नांचे मोल मोठे आहे. पण त्यांचे तोंड प्रामुख्याने न्यायालयाकडे होते. तुरुंगातील कच्चा कैदी, पोटगीसाठी झगडणारी स्त्री, निवृत्तिवेतन अडलेला म्हातारा यांच्या बाजूने उभे राहण्यास विद्यार्थी शिकले. आणि ते अगदी योग्यच झाले. मात्र गरिबाचा कायद्याशी संबंध केवळ संकटातच येतो, असे गृहीत धरले गेले. गरीबही धंदा करतो, भागीदार घेतो, जागा भाड्याने घेतो, उधारीवर माल देतो, चारजणींना जमवून उद्योग उभारतो, ही गोष्ट नजरेआड झाली. व्यवहार चिकित्सालय ही उणीव भरून काढावयास पुढे येते. तेथे विद्यार्थ्यापुढे वादी-प्रतिवादी नसतात. तेथे असतो एखादा लहान धंदेवाईक, ज्याला उद्या काही तरी उभे करावयाचे आहे आणि आज त्याची नीट मांडणी करून हवी आहे. अमेरिकेत अशी चिकित्सालये विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत वाढीस लागली. त्याच सुमारास, १९८४ साली, रोनाल्ड गिल्सन या विधी-प्राध्यापकाने धंद्याच्या वकिलाला व्यवहारखर्चाचा अभियंता असे संबोधिले. पूल बांधणारा अभियंता भार कोठे येईल हे आधी पाहतो. तसा व्यवहार कोठे वाकेल, कोठे तुटेल, हे आधी पाहून तेथे आधार देणारा तो वकील, असा त्याचा आशय.

मोठ्या कंपन्यांना असे अभियंते हवे तेवढे मिळतात. मुंबईतील पेढ्या त्यासाठीच आहेत. लहान माणसाला मात्र मिळतो तो कचेरीबाहेर बसलेला अर्जनवीस आणि त्याच्याजवळचा छापील नमुना. तो नमुना कोणाच्याही गरजेप्रमाणे शिवलेला नसतो. नावे आणि रकमा तेवढ्या रिकाम्या जागी भरावयाच्या.

बऱ्हाणपूरला तर ही उणीव विशेष जाणवावी. हे गाव व्यापाराने मोठे झाले. सुरत आणि आग्रा यांच्या वाटेवरील ते महत्त्वाचे ठाणे होते. सतराव्या शतकात आलेल्या ताव्हेर्निये या फ्रेंच प्रवाशाने येथील तलम कापड इराण, तुर्कस्तान, मस्कोव्ही, पोलंडपर्यंत जात असल्याचे नमूद करून ठेवले आहे. त्या काळी कापडाचा व्यापारी विणकराला आगाऊ रक्कम देई. तिला दादनी म्हणत. त्या रकमेबरोबर विणकर बांधला जाई. तेव्हा सूत कोणाचे, भांडवल कोणाचे, जोखीम कोणाची आणि कापडावर हक्क कोणाचा, हे प्रश्न या गावाला नवे नाहीत. हातमाग जाऊन यंत्रमाग आले. प्रश्न तेच राहिले.

आता एक उदाहरण घेऊ. ते कल्पित आहे. पण त्यातील कायदा खरा आहे. समजा, एका विणकराचे सहा माग आहेत. व्यापारी त्याला सूत देतो आणि मजुरीवर कापड विणून घेतो. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या दृष्टीने हे सूत विणकराकडे दिलेला निक्षेप ठरते. म्हणजे मालकी व्यापाऱ्याची, ताबा विणकराचा आणि हेतू ठरलेला. त्याच कायद्याच्या १७० व्या कलमाने विणकराला एक मोठा हक्क दिला आहे. ज्याने दुसऱ्याच्या मालावर आपली मेहनत किंवा कौशल्य खर्च केले, त्याला ठरलेला मोबदला मिळेपर्यंत तो माल आपल्यापाशी ठेवून घेता येतो. याला धारणाधिकार म्हणतात. मजुरी द्या आणि कापड न्या, असे विणकर कायद्याने म्हणू शकतो. त्याला फिर्याद करावयास नको, की वकीलपत्र द्यावयास नको.

पण या कलमाखाली कायद्याने स्वतःच दोन दृष्टान्त दिले आहेत, ते पाहण्यासारखे आहेत. जवाहिऱ्याकडे पैलू पाडण्यासाठी हिरा दिला आणि त्याने काम पुरे केले, तर मजुरी मिळेपर्यंत त्याला हिरा अडवून ठेवता येतो. शिंप्याला कोटासाठी कापड दिले आणि त्याने कोट होताच देण्याचे व पैशांसाठी तीन महिने थांबण्याचे कबूल केले, तर मात्र त्याला कोट अडविता येत नाही. दोघांची मेहनत सारखी; फरक पडला तो केवळ उधारीच्या कबुलीने. आमचा विणकर सौजन्याने म्हणतो, "महिन्याने द्या शेठ, चालेल." या एका वाक्याने आपण काय गमावले, हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

पुढची अडचण याहून बारीक आहे. हा हक्क त्या-त्या मालापुरताच असतो. मागील तीन खेपांचे पैसे थकले आहेत म्हणून चौथ्या खेपेचे कापड अडवावे, तर कायदा तसे करू देत नाही. १७१ वे कलम सांगते की, एकूण बाकीपोटी माल अडविण्याचा अधिकार पेढीवाले, बंदरावरील वखारवाले, उच्च न्यायालयाचे ॲटर्नी अशा काही मोजक्यांनाच आपोआप मिळतो. इतरांना तो हवा असेल, तर तसा स्पष्ट करार हवा. म्हणजे मागील सर्व बाकी चुकती होईपर्यंत हाती असलेले कापड ठेवून घेण्याचा विणकरास अधिकार राहील, एवढे एक वाक्य कागदावर असावयास पाहिजे. ते असेल तर विणकराच्या हाती दोरी आहे. नसेल तर वर्षानुवर्षे चालणारा दावा आहे. भांडणापूर्वीची वकिली म्हणजे काय, याचे याहून नेटके उदाहरण मला सुचत नाही.

याच विणकराला २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्याचाही आधार आहे. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे ठरलेल्या मुदतीत, आणि ही मुदत काहीही ठरविली तरी माल वा सेवा स्वीकारल्यापासून ४५ दिवसांच्या आत, दिले पाहिजेत, असे त्याचे १५ वे कलम म्हणते. मुदत ठरलीच नसेल, तर पंधरा दिवसांचा हिशेब लागतो. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँकदराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज द्यावे लागते. पण त्यासाठी उद्योगाची नोंदणी झालेली असावी लागते. १ जुलै २०२० पासून ती उद्यम नोंदणी या नावाने होते. नोंदणी माल देण्यापूर्वी केलेली असणे हेच श्रेयस्कर, कारण मागाहून केलेल्या नोंदणीने मागील व्यवहारांना संरक्षण मिळते की नाही, यावर सर्वोच्च न्यायालयापर्यंत वाद झाले आहेत. ही नोंदणी विनामूल्य आहे. ज्याला ती वेळेवर सुचविणारा कोणी भेटला, त्याचे नशीब चांगले म्हणावयाचे.

येथे कोणी विचारील की, व्यापारी अशा कागदावर सही कशाला करील? प्रश्न रास्त आहे, आणि विद्यार्थ्याचे खरे शिक्षण येथूनच सुरू होते. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत कलम लिहिले की गुण मिळतात. चिकित्सालयात समोरच्या माणसाची संमती मिळवावी लागते. त्यासाठी व्यापाऱ्याची भीतीही समजून घ्यावी लागते. त्याचे सूत दुसऱ्याच्या घरी पडलेले असते. विणताना घट किती धरावयाची? खोट कोणी, केव्हा आणि कोणासमक्ष पाहावयाची? आग लागली तर नुकसान कोणाचे? कायदा म्हणतो की, निक्षेप घेणाऱ्याने सामान्य समंजस माणूस स्वतःच्या मालाची घेईल तेवढी काळजी घेतली असेल, तर वेगळा करार नसताना तो नुकसानीस जबाबदार नाही. म्हणजे व्यापाऱ्यालाही लिखापढीची गरज आहेच. घट आणि खोट यांचे नियम स्पष्ट झाले, तर तो मजुरीच्या बाबतीत चार पावले पुढे येण्याचा संभव असतो. एकट्या विणकराचे ऐकले जात नसेल, तर दहा-वीस विणकरांनी मिळून एकच नमुना करार पुढे ठेवावा, हाही विचार त्यातून निघू शकतो. कधी कधी काहीच साधत नाही; दुर्बळाचे बळ कलमाने वाढतेच असे नाही. तेही विद्यार्थ्याने आपल्या डोळ्यांनी पाहिलेले बरे.

भागीदारीचे पाहा. दोन मित्र मिळून माग टाकतात, किंवा बापामागे तिघे भाऊ एकत्र धंदा चालवितात. १९३२ च्या भागीदारी कायद्याप्रमाणे संस्थेच्या कर्जाला प्रत्येक भागीदार आपल्या घरादारासह जबाबदार असतो. संस्थेची नोंदणी केली नसेल, तर करारातून येणारे पैसे वसूल करण्यासाठी तिला बाहेरच्या माणसावर दावा लावता येत नाही. तिच्यावर मात्र दावा लावता येतो! एक भागीदार वारला, तर वेगळा करार नसल्यास भागीदारीच संपुष्टात येते. नोंदणी न करणे गुन्हा नाही, म्हणून कोणी करीत नाही. आणि तिचा अभाव कळतो तो दावा फेटाळला गेल्यावर. २००८ च्या कायद्याने मर्यादित जबाबदारीची भागीदारीही शक्य झाली आहे. कोणाला कोणता अंगरखा बसेल, हे माप घेतल्यावाचून सांगता येत नाही. आणि माप घ्यावयास कोणी तरी त्याच्याजवळ बसावे लागते.

मागांच्या गावातून बाहेर पडून केळीच्या शिवारात आले, तरी हीच स्थिती दिसते. बऱ्हाणपूर जिल्ह्याची केळी दूरदूर जाते. अनेक ठिकाणी जमीन एकाची आणि कसणारा दुसरा असतो. मध्य प्रदेशात भूमिस्वामी आणि बटाईदार यांच्या हितरक्षणासाठी २०१६ साली कायदा झाला आहे. त्याचा लाभ घ्यावयाचा तर दोघांत लेखी करार हवा. वादळाने बाग आडवी झाल्यावर भरपाई कोणाच्या हाती पडावी, हा प्रश्न ज्याच्या घामाची ती बाग त्याच्या दृष्टीने जीवनमरणाचा असतो. तसेच केळीच्या खोडाच्या धाग्यापासून टोप्या आणि अन्य वस्तू करणाऱ्या बचतगटाच्या महिला या जिल्ह्यात आहेत. शहरातून मोठी मागणी आली, तर ती घ्यावयाची कोणाच्या नावाने? नोंदणी नसलेला गट ही कायद्याच्या दृष्टीने स्वतंत्र व्यक्ती नव्हे. जिने सही केली तिच्याच गळ्याशी सारी जबाबदारी येऊ शकते. सहकारी संस्था काढावी, की दहा उत्पादकांना मिळून काढता येणारी उत्पादक कंपनी? तिची तरतूद २००२ सालच्या दुरुस्तीने कंपनी कायद्यात आली. पन्नासाच्या सुमारास प्रवरेकाठी शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला, तेव्हा त्याच्या यंत्रांइतकेच त्याच्या पोटनियमांनाही महत्त्व होते. मत कोणाला, नफा कसा वाटावयाचा, सभासदत्व कोणाला, हे ज्या कागदावर ठरते, तो लिहिणारा हातही संस्था उभारणारांपैकीच एक होय.

या गावात भाषेचाही विचार करावा लागतो. येथील विणकर पुष्कळदा उर्दू बोलतो, शेतकरी मराठी किंवा निमाडी बोलतो, आणि कचेरीचे काम हिंदीत चालते. कागद ज्याच्यासाठी करावयाचा, त्याला तो समजला पाहिजे. फारुकी सुलतानाने १५९० च्या सुमारास येथील जामा मशीद बांधली, तेव्हा तीत अरबी शिलालेखाबरोबर संस्कृत शिलालेखही कोरविला. तो आजही तेथे आहे. दगडावर लिहिणाऱ्याला दोन भाषांचे भान होते, मग कागदावर लिहिणाऱ्याला का नसावे? मसुदा पक्षकाराला त्याच्या बोलीत वाचून दाखविणे आणि त्याने आपल्या शब्दांत अर्थ सांगितल्यावाचून सही न घेणे, हा चिकित्सालयाचा पहिला दंडक असावा.

सरहद्दीवरील गावाची आणखी एक अडचण असते. येथून महाराष्ट्राची हद्द जवळ. कापड आणि केळी सारखी राज्य ओलांडतात. बिलाच्या तळाशी बारीक अक्षरांत दूरच्या कोणत्या तरी शहराच्या न्यायालयाचे नाव छापलेले असते. ती ओळ कोणी वाचत नाही. वाराणसीचा एक कंत्राटदार आणि मुंबईची एक कंपनी यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९७१ साली असे ठरविले की, ज्या न्यायालयांना मुळात अधिकार आहे त्यांपैकी एकच न्यायालय पक्षकारांनी करारात निवडले असेल, तर तो करार बंधनकारक राहतो. कंत्राटदाराला मुंबईस जावे लागले. दहा हजारांच्या बाकीसाठी अशा दूरच्या शहरी जावयाचे म्हणजे ती बाकी सोडूनच द्यावयाची.

आता व्यवस्थेविषयी. हे काम विद्यार्थ्यांकडून करून घेणे कायद्यास मान्य आहे काय? मुंबई उच्च न्यायालयाने २००९ साली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली हे स्पष्ट केले आहे की, वकिलीचा व्यवसाय म्हणजे केवळ न्यायालयात उभे राहणे नव्हे. सल्ला देणे आणि मसुदे करणे हेही त्यातच मोडते. तेव्हा सनद नसलेल्या विद्यार्थ्याने स्वतःच्या नावाने सल्ला देणे योग्य नाही. पूर्ण वेळ पगारी प्राध्यापकालाही बार कौन्सिलच्या नियमांमुळे वकिली करता येत नाही. मग मार्ग कोणता? १९७९ च्या नियमांनुसार सनदी वकिलाला दिवसातून तीन तासांपर्यंत कायदा शिकविता येतो. असा एखादा अनुभवी वकील चिकित्सालयाचा प्रमुख असावा. चौकशी, टिपणे, पहिला मसुदा हे विद्यार्थ्याने करावे. सल्ला आणि जबाबदारी वकिलाची असावी. रुग्णालयातही शिकाऊ डॉक्टर रुग्ण तपासतो, औषध मात्र वरिष्ठाच्या संमतीने दिले जाते.

पैशांचे काय, असेही विचारले जाईल. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात विधी सेवेची व्याख्या करताना न्यायालयातील कामाबरोबरच कोणत्याही कायदेशीर बाबीवरील सल्ल्याचाही समावेश केला आहे. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, औद्योगिक कामगार, दिव्यांग आणि अल्प उत्पन्नाचे लोक या सेवेस पात्र आहेत. स्त्रियांना तर उत्पन्नाची अटही नाही. बचतगटाच्या करारावरील सल्ला या व्याख्येबाहेर कसा राहील? २०११ च्या नियमांनी विधी महाविद्यालयांतील सेवा केंद्रांनाही या यंत्रणेत स्थान दिले आहे. बऱ्हाणपुरात जिल्हा न्यायालय आहे, विधी सेवा प्राधिकरण आहे, विधी महाविद्यालय आहे. नवा कायदा करावयास नको. जो आहे तो न्यायालयाच्या पायरीपाशी थांबविला जातो, तो थोडा अलीकडे आणावयाचा आहे.

अभ्यासक्रमातही जागा आहे. मसुदालेखन आणि दस्तलेखन या सक्तीच्या विषयात विद्यार्थ्याला पंधरा दस्तांचे लेखन करावे लागते. आज पुष्कळ ठिकाणी हे पंधरा दस्त जुन्या वहीतून उतरविले जातात. त्यांतील खरेदी देणारा आणि घेणारा दोघेही काल्पनिक असतात. पंधरांपैकी दोनच दस्त खऱ्या माणसांसाठी करावयाचे ठरविले, तरी पुष्कळ साधेल. विद्यार्थी मागाजवळ जाऊन बसेल. वीज गेल्यावर उशीर कोणाचा, हे त्याला तेथे सुचेल. ग्रंथालयात सुचणार नाही. मसुदा शिक्षक तपासतील, तो पुन्हा लिहिला जाईल, पक्षकार एखादा शब्द नाकारील, तो तिसऱ्यांदा लिहिला जाईल. एक साधे वाक्य लिहिणे किती अवघड असते, हे ज्याने एकदा अनुभविले, तो पुढे न्यायाधीश झाला तरी दुसऱ्याने लिहिलेला करार अधिक समजुतीने वाचील.

काही पथ्येही पाळली पाहिजेत. एकाच कागदात व्यापारी आणि विणकर या दोघांचेही वकील आपण होऊ शकत नाही. आपण कोणाच्या बाजूचे, हे पहिल्याच भेटीत सांगितले पाहिजे. धंद्याची गुपिते बाहेर जाता कामा नयेत. विद्यार्थ्याकडून तसे लेखी वचन घ्यावे. ज्याला शुल्क देणे परवडते, त्याला नम्रपणे गावातील वकिलाकडे पाठवावे. म्हणजे चिकित्सालय कोणाच्या पोटावर पाय देणार नाही. सहामाही संपली म्हणून पक्षकाराचे काम अर्धे टाकता येणार नाही. फाईल पुढील तुकडीच्या हाती रीतसर गेली पाहिजे. आणि आरंभी कामे थोडीच घ्यावीत, पण घेतलेली पुरी करावीत.

न्यायालये हवीतच, आणि तेथे लढणारे वकीलही हवेत. परंतु ज्या गावात शेकडो लहान माणसे रोज आपल्या मेहनतीची देवघेव शब्दावर करतात, तेथे कायद्याचा विद्यार्थी केवळ मोडलेल्या शब्दांचा अभ्यास करून बाहेर पडावा, ही गोष्ट त्यालाही शोभणारी नाही आणि गावाच्याही हिताची नाही. विणकर सूत मागावर चढविण्यापूर्वी ते तपासून घेतो. तुटका धागा तेव्हाच सांधला तर कापडात खोट येत नाही. विणून झाल्यावर मात्र रफूच करावा लागतो, आणि रफू केलेल्या कापडाला बाजारात भाव कमी येतो. "काही लिखापढी आहे का?" हा प्रश्न सूत घरात येते त्या दिवशी विचारणारा एखादा तरुण वकील बऱ्हाणपूरच्या त्या गल्लीतून हिंडू लागेल, तर आपल्या विधी महाविद्यालयांनी आपले काम केले, असे म्हणता येईल.